शकूर मिस्त्रीचं आठ भोकांचं कडं

शकूर मिस्त्री सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापानं त्याचं पहिलं चाक कुऱ्हाडीनं फोडलं. आरडाओरडा सगळ्या गल्लीनं ऐकला, पण शब्दन् शब्द ऐकला तो एकट्या भिमाबाईनं. धामणगाव बढ्यात तिचं अंगण आणि मिस्त्र्यांचं अंगण यांच्यात एकच कुडाची भिंत, आणि त्या वेळी ती नेमकी त्या भिंतीला शेणमातीचा हात देत होती. लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. ऐकता ऐकता एकाच जागी तिनं चार वेळा सारवलं. भिंतीचा तेवढा भाग पुढं कितीतरी वर्षं फुगलेला दिसायचा.

"चालते न अब्बा हे चाक," शकूर म्हणत होता. "बैलाइले काय समजते?"

"बैलाले नाही समजत. चाकाले समजते." म्हातारा मोठ्यानं बोलत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "हे दोन आरे पाह्य. बाकीच्यापेक्षा यायच्यात बोटभर अंतर जास्त आहे. मंग शेजारचा आरा जास्त भार घेते. तो मोडते. तो मोडला का त्याच्या बाजूचा मोडते. आरा काही एकट्यानं मोडत नाही बे."

"बोटभरच तं आहे!"

"उकंडरावची म्हातारी माय या गाडीत माहेरी चालली. ती नाल्यात पडली म्हणजे तिले सांगशीन, बोटभरच तं होतं म्हणून?"

मग कुऱ्हाडीचे घाव.  भिंतीच्या भोकातून भिमाबाईनं पाहिलं, तर पोरगा लाकडाचे तुकडे गोळा करत होता आणि एकेक तुकडा दुसऱ्याशेजारी सारख्या अंतरावर मांडत होता.

तो दिवस शकूरच्या अंगात मुरला तो मुरलाच. पुढं पन्नास वर्षांत त्याच्या हातून एकही वस्तू कमीजास्त अंतराची गेली नाही. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, लाकूड गेलं, लोखंड आलं. त्यानं मलकापुराहून जुनं लेथ मशीन आणून अंगणातल्या टिनाखाली बसवलं आणि चाकांऐवजी पंपाचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुली करू लागला. पण अंतराचं वेड तेच. बायको सरवरीनं उन्हाळ्यात चटईवर पापड वाळत घातले की हा उकिडवा बसून पापडांमधलं अंतर सारखं करायचा. सरवरी म्हणायची, "यायले जन्नत भेटली तं तिथले झाडं उपटून परत लावतीन. एका ओळीत नाहीत म्हणून."

असा माणूस. आणि याच सारख्या अंतराच्या वेडापायी म्हातारपणी त्याची अशी गाळण उडाली की विचारू नका.

भिमाबाईची नात धम्मशीला. लहानपणी शाळेतून आली की दप्तर घरात आणि पोरगी शकूरच्या टिनाखाली. हे काऊन फिरते चाचा, ते काऊन तापते चाचा. शकूर सांगायचा, जे येत नसेल ते "मशीनले विचार" म्हणायचा. ती खरंच मशीनला विचारत गेली. मोताळा झालं, बुलढाणा झालं, पुणं झालं. आता ती अणूच्या पोटातल्या गोष्टींचा अभ्यास करते. अणूच्या पोटातही आणखी एक पोट असतं म्हणे, आणि हिचं सगळं काम त्या आतल्या पोटात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती आली ती जाड पत्र्याची एक लादी घेऊन. आपल्याकडं ज्या अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, त्याची, पण हाताच्या बोटाएवढी जाड. सोबत एक नक्षा.

"चाचा, मले याचं एक कडं करून पाहिजे. हातभर रुंद. अन् त्याच्यावर आठ भोकं."

"तुमच्या कालेजात मशीन नाही?"

"आहे. पण तिथं चार महिने नंबर नाही लागत. अन् मले कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पाचच दिवस भेटले आहेत. दोन वर्ष वाट पाहून पाच दिवस. ते हुकले तं पुढचा नंबर दीड वर्षानं, अन् माही फेलोशिप तोपर्यंत संपते. मंग हे काम दुसरं कोणी करीन."

शकूरनं लादीवर टिचकी मारून आवाज ऐकला. "कराचं काय आहे पण या कड्याचं?"

धम्मशीलानं त्याचं ग्राइंडर चालू केलं आणि त्यावर खिळा धरला. ठिणग्यांचा फवारा उडाला. "हे पाहा. अणूच्या आत काय चालते ते डोळ्यानं दिसत नाही. म्हणून बाहेरून बारीक कणांची धार मारायची अन् काय कोणीकडं उडते ते टिपायचं. टिपणारे यंत्रं या भोकांत बसतात. डिटेक्टर म्हणतात त्याले. माह्याजवळ आठच आहेत. लय जवळ बसवले तं गर्दी होते, दोन ठिणग्या एकच वाटतात. दूर बसवले तं ठिणगीच येत नाही. अन् त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे—"

तेवढ्यात मशिदीतून अजान आली. शकूरनं हात झटकले, "आलोच बेटा" म्हणाला आणि नमाजला गेला. ती त्यापेक्षा मोठी गोष्ट धम्मशीलानं मग ओट्यावर तूर निवडत बसलेल्या आपल्या आजीला सांगितली. शकूर परत आला तेव्हा पोरगी बसस्टँडकडं निघाली होती. "सगळं नक्ष्यात आहे चाचा," एवढं तिनं लांबूनच ओरडून सांगितलं.

शकूरनं कडं कापलं. लेथवर चढवलं, आरशासारखं केलं. मग भोकांसाठी नक्षा उघडला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

तीन भोकं एकमेकाला चिकटून. मग एक जरा दूर. मग मोठी जागा सोडून एक, मग आणखी मोठी जागा सोडून एक, आणि शेवटी दोन परत चिकटून. सगळी आठही कड्याच्या एकाच अंगाला. दुसरं अंग सपाट रिकामं. जणू कोणी गाडीत बसणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना एकाच बाजूला कोंबलं होतं.

पोरगी थकलेली होती, हे त्यानं पाहिलं होतं. डोळ्याखाली काळं आलं होतं. चुकली असेल. त्यानं फोन लावला, तो लागला नाही. परत लावला, नाही लागला. कलकत्त्याला पेटी पोचायची तारीख जवळ आली होती. मग शकूर मिस्त्रीनं ठरवलं की पोरीची चूक मोठ्या साहेबांपर्यंत जाऊ द्यायची नाही. आपण कशासाठी आहोत? त्यानं परकार घेतला आणि कड्याचे आठ सारखे भाग केले. असे सारखे, की त्याच्या बापानं कबरीतून उठून मोजलं असतं तरी केसाचा फरक सापडला नसता. आठ आऱ्यांचं चाकच जणू, फक्त आरे काढून घेतलेले.

पेटी त्यानंच ठोकली. खाली कडं, वर भिमाबाईचे मुगाचे पापड, आणि कड्याचं तेल पापडांना लागू नये म्हणून सरवरीनं मध्ये एक मोठा कागद घडी करून घातला. तो कागद म्हणजे नक्षा. काम झालेला कागद, तिला काय माहीत. शकूर पेटी घेऊन मोताळ्याला गेला, कुरिअरच्या दुकानात दिली, पावती टोपीच्या घडीत ठेवली आणि समाधानानं परत आला. त्या रात्री तो चार भाकरी जेवला, असं सरवरी सांगते.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, धम्मशीलाचा फोन आला.

"चाचा, पेटी पोचली म्हणे. मी सोमवारी पोचते, मंगळवारी उघडते, बुधवारी सुरू. तुमचे उपकार लय झाले. अंतर नक्ष्याप्रमाणेच आहेत न?"

शकूरच्या हातात पंपाचा शाफ्ट होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"दोन वर्ष मी त्या आठ भोकायवरच घालवले," ती हसत म्हणाली. "कोणतं कुठं पाहिजे ते काढाले. बाकी सगळं सोपं होतं. नक्ष्याप्रमाणेच आहे न, चाचा?"

"हाव," शकूर म्हणाला.

एवढाच शब्द. पण फोन ठेवल्यावर त्यानं तो शाफ्ट परत उचलला नाही.

ते दोन दिवस. कोणी मेलेलं नसताना घरात मयत असल्यासारखे ते दोन दिवस गेले. शकूरच्या हातून ड्रिलचे दोन बिट मोडले. जेवायला बसला की भाकरीचा तुकडा ताटातच फिरवत राहायचा. फोन वाजला की दचकायचा. फोन नाही वाजला की जास्त घाबरायचा. डोळ्यापुढं तेच चित्र यायचं: मोठा दिवा लावलेली खोली, साहेब लोक गोल करून उभे, मध्ये धम्मशीला पेटी उघडते, पापड बाजूला करते आणि कडं वर काढते. त्यापुढचं चित्र त्याला बघवत नसे. पेटीच हरवली असती तर, असं त्याच्या मनात आलं. कुरिअरची गाडी वाटेत उलटली असती तर. तशी दुवाही मागून झाली, आणि मग ड्रायव्हरच्या लेकरांची आठवण येऊन त्यानं ती घाईघाईनं मागंही घेतली. पेटी तर केव्हाच पोचली होती, हे त्याच्या ध्यानात आलं ते नंतर.

"तुमी काय अणुबॉम्ब लपवला का घरात?" सरवरीनं विचारलं. "चोरावानी काऊन फिरून राह्यले?"

तो तिच्याकडं असा बघत राहिला की ती पदर तोंडावर धरून आत गेली.

शनिवारी सकाळी तो भिमाबाईच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. कुडाची भिंत आता विटांची झाली होती, पण मधलं दार उघडंच असायचं.

"भाभी, माह्या हातून लय मोठं पाप झालं."

भिमाबाईनं चष्मा वर केला. "या वयात? सरवरीले माहीत आहे का?"

त्याला हसू आलं नाही, तेव्हा तिला कळलं की काहीतरी खरंच झालं आहे. त्यानं सगळं सांगितलं. भोकं सारखी केली ते, आणि फोनवर 'हाव' म्हणालो तेही. भिमाबाईच्या सुपातली तूर सुपातच राहिली.

"अरे शकूर, तिनं मले सांगतलं होतं रे. तू नमाजले गेला तेव्हा."

"काय सांगतलं?"

"दोघं भांडणारे आहेत म्हणे. एक मोठा पंडित म्हणते, अणूच्या पोटात असं होते. दुसरा म्हणते, नाही, तसं होते. दोघांच्या गोष्टी चाळीस जागी एकसारख्याच आहेत. फक्त तीन-चार जागी फरक पडते. म्हणे आजी, दोघंही जिथं एकच सांगतात तिथं साक्षीदार उभा करून काय फायदा? जिथं त्यायचं पटत नाही तिथंच गर्दी करून उभं राहा लागते." भिमाबाईनं कपाळाला हात लावला. "अन् तू साक्षीदार सारे गावभर वाटून टाकले. एकेक गल्लीले एकेक."

शकूर ओट्यावर बसला नाही, ओट्याच्या खाली मातीत बसला. "लाव फोन तिले, भाभी. तू सांग."

"चूक तुह्यी अन् तोंड माह्यं काऊन?"

"मले भेव वाटते."

"मले नाही वाटत का? माही नात आहे ते." तिनं फोन त्याच्या पुढ्यात धरला. "पण आज सांगतलं तं चार दिवस आहेत. मंगळवारी तिनं पेटी उघडल्यावर सांगशीन तं एकही नाही."

शकूरनं फोन लावला. या वेळी तो पहिल्याच घंटीला लागला, आणि तो लागू नये असं त्याला किती वाटत होतं, हे त्याला त्या घंटीत कळलं. त्यानं एका दमात सांगितलं.  फोन कटला की काय म्हणून त्यानं तो कानापासून दूर करून बघितला.

"मी तुम्हाले विचारलं होतं चाचा," धम्मशीला म्हणाली.

"हाव बेटा."

"दोनदा विचारलं."

"हाव."

"एक भोक तं मंग धारेच्या बरोबर तोंडात आलं असीन. तिथं काही ठेवलं तं जळूनच जाते." ती त्याला सांगत नव्हती, स्वतःशीच मोजत होती, आणि मोजता मोजता तिचा आवाज फाटला. "मले काही सुचत नाही चाचा. तिथं आता कोणी नवीन करून नाही देत. मले काहीच सुचत नाही."

पोरीला भ्यालेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी लेथच्या पट्ट्यात तिची ओढणी अडकली होती, तेव्हासुद्धा ती अशी बोलली नव्हती. आणि गंमत अशी, की तिच्या भीतीपुढं त्याची स्वतःची भीती एका बाजूला सरकून बसली. गेली नाही. फक्त सरकली.

"आकडे सांग," तो म्हणाला. "मी नवीन करतो. मीच घेऊन येतो."

"कलकत्त्याले?"

"मलकापुराहून गाडी जाते न. सांग तू."

नक्षा तर पापडाखाली कलकत्त्याला. पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं होतं. तिनं अंतरं सांगितली, या भोकापासून त्या भोकापर्यंत इतके मिलिमीटर. भिमाबाईला अक्षरं मोजकीच येतात, पण आकडे पक्के. तिनं ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले आणि शकूरनं एकेक परत म्हणून दाखवला. साडेसतरा. परत साडेसतरा. एकतीसला वर थोडं. पुढं एके ठिकाणी एकशे छप्पन्न.

"एकशे छप्पन्न?" न राहवून तो म्हणाला.

"चाचा!"

"नाही नाही. एकशे छप्पन्न. लिव्ह भाभी."

त्याच दुपारी त्यानं मलकापुरातल्या भंगारातून तसलीच जाड लादी शोधून आणली. रविवारी दिवसभर लेथ चाललं. विजेची लाइन गेली तर काय, या धाकानं त्यानं पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायलं. लाइन एकदा गेलीच, सव्वा तास. तो सव्वा तास तो मशीनवर हात ठेवून बसून होता, जनावराला धीर द्यावा तसा.

पण खरी दहशत भोकांच्या वेळी. परकार हातात घेतला की हात आपोआप सारखं माप घ्यायचा. पन्नास वर्षांची सवय. बैल जसा आपल्याच गोठ्याकडं वळतो. दोनदा त्यानं खूण केली आणि दोनदा पुसली. शेवटी त्यानं भिमाबाईला टिनाखाली पाटावर बसवलं.

"तू सांग, मी करतो. मी माह्या मनानं काही करत नाही."

भिमाबाई कॅलेंडर डोळ्याजवळ धरून एकेक आकडा म्हणायची, तो खूण करायचा, ती वाकून पट्टी बघायची, मगच ड्रिल खाली यायचं. आठवं भोक पडलं तेव्हा दोघांनाही घाम फुटला होता. कडं उचलून त्यानं उजेडात धरलं. त्याच्या जन्मात त्यानं एवढी कुरूप वस्तू केली नव्हती.

"अब्बा असते तं कुऱ्हाड मागतली असती," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सरवरीनं त्याला मलकापूर स्टेशनवर पोचवलं. कडं एका जुन्या चादरीत, चादर गोणपाटाच्या पिशवीत. "कोणी विचारलं तं काय सांगसान?" तिनं विचारलं. हा विचार त्यानं केलाच नव्हता. गाडी सुटली आणि मग तोच विचार चाकांच्या आवाजात मिसळून दिवसभर वाजत राहिला. सत्तरीकडं झुकलेला दाढीवाला म्हातारा, पिशवीत कसल्यातरी धातूचं चकाकतं कडं, जायचं कुठं तर अणूच्या प्रयोगशाळेत. काय सांगणार? खरं सांगावं तर खोट्यापेक्षा वाईट वाटेल.

नागपूरच्या पुढं पोलिस आलाच. सामान तपासत, बाकाखाली काठी घालत.

"इसमे क्या है चाचा?"

 शकूरनं चादर सोडली. पोलिसानं कडं वर उचललं, उजेडात फिरवलं, एका भोकातून डोळा लावून शकूरकडं बघितलं. आजूबाजूचे लोक सरकून बसले.

"चक्का है साहेब. मशीन का. मेरी भतीजी मंगाई. कालेज में पढती."

"आपने बनाया?"

"जी."

पोलिसानं भोकांवरून बोट फिरवलं. तीन चिकटलेली, मग दरी. तो हसला. आणि जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इतनी उमर हो गई मिस्त्री, छेद बराबर से मारना नहीं आया अभी तक?"

डबा हसला. समोरची एक बाईही हसली.

सतरा वर्षांचा असल्यापासून शकूर मिस्त्री ज्या एका वाक्याला भीत आला होता, ते वाक्य शेवटी असं परक्या मुलखात, परक्या माणसाच्या तोंडून त्याच्या अंगावर आलं. त्याच्या जिभेवर उत्तर होतं. पन्नास वर्षांचं होतं. पण उत्तर दिलं तर प्रश्न वाढतील, प्रश्न वाढले तर पुढच्या स्टेशनवर उतरवतील, आणि बुधवार काही थांबणार नाही. त्यानं मान खाली घातली.

"नहीं आया साहेब," तो म्हणाला.

पोलिसानं कडं परत दिलं आणि पुढं गेला. शकूरनं ते चादरीत बांधलं. गाठ दोनदा सुटली, तेव्हा ती समोरच्या बाईनं मारून दिली.

मंगळवारी दुपारी तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचला. आत सोडेनात. आधार कार्ड बघितलं, पिशवी बघितली, फोन केले, आणि पिशवी टेबलावर ठेवून त्याला बाकावर बसवलं. कडं त्याच्यापासून चार हातांवर होतं आणि त्याला वाटत होतं, कोणी उचलून नेलं तर आपण ओरडायचं कसं, आपल्याला तर तिथली भाषाही येत नाही. दीड तासानं धम्मशीला आली. पायात स्लीपर, केस कसेतरी बांधलेले. ती त्याच्या पाया पडली नाही, बोलली नाही. सरळ कडं काढलं, बाकावर ठेवलं आणि खिशातलं माप काढून मोजायला बसली.

पहिलं. दुसरं. तिसरं. शकूर तिच्या ओठांकडं बघत होता. पाचव्याला ती थांबली. माप काढलं, पुसलं, परत लावलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"एकशे छप्पन्न."

"पाहिजे किती?"

"तेवढंच." तिनं मान वर केली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तेवढंच पाहिजे चाचा. तुम्ही जेवले का?"

तो जेवला नव्हता. कालपासूनच नव्हता.

पुढचे पाच दिवस प्रयोग चालला. शकूर दुसऱ्याच दिवशी परतीच्या गाडीत बसला होता, पण जीव तिथंच. घरी आल्यावरही तो फोनजवळ बसे, भिमाबाई ओट्यावर बसे, आणि दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत. नवव्या दिवशी फोन आला.

"अजून लय मोजायचं बाकी आहे," धम्मशीला म्हणाली, "वर्षभर लागते त्याले. पण त्या तीन जवळच्या भोकायतच फरक दिसून राह्यला चाचा. एकाची गोष्ट त्या जागेवर जुळतच नाही."

"म्हणजे खोटा साक्षीदार सापडला," भिमाबाई मागून म्हणाली.

"साक्षीदार खरे आहेत आजी. भांडणारा खोटा निघाला."

 शकूर उठला, अंगणात गेला आणि सरवरीच्या चटईवरचे पापड बराच वेळ उभ्यानं बघत राहिला. एकही सरकवला नाही.

पहिलं कडं, ते आरशासारखं, आठ सारख्या भोकांचं, धम्मशीलानं परत पाठवलं. भिमाबाईच्या घरी त्यावर आता पाण्याचा माठ असतो. माठ अजिबात डुगडुगत नाही.

शकूर मिस्त्री मागच्या उन्हाळ्यात गेला. दुपारी टिनाखाली खाटेवर पडला, तो उठला नाही. त्याच्या चार दिवस आधी तो मोताळ्याला जाऊन आला होता. कालेजात धम्मशीलाच्या मागून आलेल्या एका पोरीला तसलंच कडं हवं होतं, अकरा भोकांचं, आणि आधीच्यापेक्षाही बेढब. भिमाबाईनं आकडे वाचले, त्यानं भोकं पाडली, पेटी ठोकली. खाली कडं, वर पापड. मध्ये कोरा कागद, नक्षा भिमाबाईच्या उशाखाली.

कुरिअरच्या दुकानात रेणुका बसते. तिनं पेटी काट्यावर ठेवली.

"यात काय आहे चाचा?"

"पापड अन् कडं."

"फुटण्यासारखं?"

"पापड फुटतीन. कडं नाही फुटत." मग तो काउंटरवर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "कोणी उघडून पाहिलं अन् म्हटलं का भोकं वाकडे आहेत, तं सांगजो, तसेच पाहिजेत म्हणून."

"मले कोण विचारते चाचा?"

"विचारलं तं."

त्यानं तिच्याकडून पत्ता दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. दोरी ओढून पाहिली. पेटीच्या झाकणावरचे खिळे बोटानं मोजले. ते सगळे चार-चार बोटांवर सारखे होते. खिळ्यांबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पावती घेतली, घडी करून टोपीत ठेवली, आणि धामणगावची बस लागली होती तिकडं चालू लागला.